नाताळचा फराळ आणि लिव्हिंगस्टनसाहेब

डिसेंबरच्या मध्यावर आई चकलीची भाजणी दळायला गिरणीत नेते, तेव्हा गिरणीवाला न चुकता विचारतो, "काकू, दिवाळीची राहून गेली होती का?" आईही न चुकता सांगते, "नाही हो, नाताळची." तो मान डोलावतो, भाजणी दळून देतो आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत हे सगळं विसरून जातो.

मराठी ख्रिस्ती माणूस नाताळात नेमकं काय खातो, याबद्दल नाशकात भलतेच समज आहेत. टेबलावर भाजलेली अख्खी टर्की, शेजारी मेणबत्त्या आणि हातात काटे-चमचे घेतलेले आम्ही, असं काहीसं चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. टर्की मी आजवर फक्त शब्दकोड्यात पाहिली आहे. आमच्याकडे असतात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू, शेव आणि चिवडा. थोडक्यात, लोकांचा दिवाळीचा फराळ जिरतो न जिरतो तोच आमचा सुरू होतो. दारावरचा कागदी ताराही दिवाळीनंतर कंदिलांचे भाव उतरले की घेतलेला असतो.

याचं श्रेय माझ्या मते बायकांना आहे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांनी स्वतःच्या गतीने विचार केला. या लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक बाई स्वतःला त्यांची थेट वारस समजते, विशेषतः नवऱ्याविषयी बोलताना. पुरुषांनी धर्मावर चर्चा केल्या, पत्रकं काढली, वाद घातले. बायका चर्चमध्ये गेल्या त्या झारा आणि सोऱ्या बरोबर घेऊनच. टिळकांची मराठी गीतं आम्ही अजून पेटी-तबल्यावर गातो आणि घरी येऊन चकली खातो. दोन्हीत परकं काही वाटत नाही.

फराळ करायला सगळी माणसं आमच्याकडे जमतात. बायका पोळपाट घेतात, पोरं सारण चोरतात आणि काका लिव्हिंगस्टनची गोष्ट सांगतात. काकांना काम सांगितलं की कंबर दुखते, गोष्ट सांगताना दुखत नाही.

गोष्ट खरी आहे आणि आमच्या शरणपूरची आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं आणि ट्रॅफिक आठवतं. पण एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत वसवली होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला, कामधंदा शिकायला ठेवली जात. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या ऐन मध्यावर मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली, झाडावर अक्षरं कोरली. मग मीठ लावून, उन्हात वाळवून, सालीत गुंडाळलेलं ते शव या लोकांनी कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. तिथून ते जहाजाने इंग्लंडला गेलं. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत हा शरणपूरचा जेकब होता.

"खायच्या वस्तूंसमोर प्रेताच्या गोष्टी नकोत म्हणून किती वेळा सांगितलं!" आत्या दरवर्षी ओरडते. पण सगळ्यांत नीट कान देऊन ऐकते तीच, कारण तिचं घड्याळ त्या गोष्टीवर चालतं. हृदय पुरलं की लाडवाचा पाक बघायचा. मीठ लावलं की कणकेला मोहन घालायचं. शव किनाऱ्याला लागलं की करंज्यांचा दुसरा घाणा काढून गॅस बारीक करायचा. एका वर्षी काकांनी सर्दीमुळे गोष्ट आटोपती घेतली आणि मृतदेह थेट लंडनला पोचवला. त्या वर्षीच्या करंज्या कच्च्या राहिल्या.

माझी बायको वसईची, कॅथलिक. ती येईपर्यंत आमच्या प्रॉटेस्टंट फराळाला कोणी आव्हान दिलं नव्हतं. पहिल्याच नाताळात तिने पिशवीतून कोरा करकरीत कंगवा काढला आणि पोळपाटाशेजारी ठेवला. स्वयंपाकघर गप्प झालं. तिने मैद्याची बोराएवढी गोळी घेतली, कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत सरकवली. गोळी आपल्या आपण वळत गेली आणि अंगावर बारीक रेघा घेऊन उतरली. हे कुलकुल. तळून वरून साखरेच्या पाकात घोळवायचे. "पिठात कंगवा!" एवढंच आत्या म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आण इकडे, तुझे सैल वळतायत." आता तो कंगवा आत्याच्या ताब्यात असतो आणि वसईच्या मुलीला तिथे हात लावायची सोय नाही.

दुसरा वाद केकचा. नाशिक द्राक्षांचं गाव. मनुकांची ददात नाही आणि वाइनची तर मुळीच नाही. पण आमच्या घराण्यात दारूला बंदी, म्हणून केकच्या मनुका पिढ्यान्‌पिढ्या संत्र्याच्या रसात भिजत आल्या. वसईच्या मनुका कशात भिजतात हे मला ठाऊक आहे, पण मी घरातला माणूस आहे, साक्षीदार नाही. केक कापल्यावर आत्याने तिसरा तुकडा उचलला आणि शांतपणे निकाल दिला, "यंदा संत्री चांगली आली आहेत." तेव्हापासून संत्री दरवर्षी चांगली येतात.

बायको २४ तारखेला रात्री मिस्साला त्र्यंबक रोडच्या होली क्रॉसमध्ये जाते. आम्ही २५ला सकाळी, दोन स्वेटर घालून, आमच्या उपासनेला. परत आलं की पाहुण्यांना सलाम, चहा, आणि मग सुरू होते खरी परीक्षा: शेजाऱ्यांना ताटं पोचवणं. मार्गशीर्षातला गुरुवार जवळपास आला तर आधी घरोघरी उपासाची चौकशी. नंतर ठरलेला प्रश्न, "अंडं नाही ना?" म्हणून आम्ही केक दोन करतो आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. समोरच्या घरी बिनअंड्याचा डबा दिला जातो, आणि थोड्या वेळाने त्यांचा कॉलेजातला मुलगा जिन्यात गाठून हळूच विचारतो, "काका, दुसरी चिठ्ठी आहे का?"

शेजाऱ्यांचं आमच्या चकलीविषयी मत चांगलं आहे. काहींचं तर असं आहे की दिवाळीत आपली बिघडली तरी चालेल, ख्रिस्ती लोकांची येणारच आहे. यावर आमचं काही म्हणणं नाही. दिवाळीत त्यांच्याकडून ताटं येतात, ती आम्ही अशीच फेडतो, आणि तळणाच्या बाबतीत आपल्याकडे कोणताही धर्म कधी मागे राहिलेला नाही.

म्हणणं एवढंच आहे, आणि ते आईच्या वतीने आहे. डबा परत करताना त्यात साखर, तिळगूळ काही घालायची गरज नाही, रिकामा द्या. पण संक्रांतीच्या आत द्या, आणि झाकणासकट द्या.