थर्ड शिफ्टची झाडं

चाकणच्या एका कंपनीने माझ्या मेहुण्याला रोबोट शिकायला जर्मनीला पाठवलं आणि तो दगड शिकून परत आला. तिकडे म्हणे लोक अंगणात हौसेने खडक रचतात आणि त्यांच्या फटींत मांसल पानांची फुलझाडं लावतात. सेम्परव्हिवम, सेडम, डेलोस्पर्मा. “दाजी, उणे वीस अंशांत जगतात! हिवाळाभर बर्फाखाली झोपायचं, उन्हाळ्यात फुलायचं. पाणी जवळजवळ शून्य.” शेवटचं वाक्य नेमकं आमच्या सेक्रेटरींच्या कानावर पडलं. मोशीतल्या सोसायटीचा सेक्रेटरी टँकरच्या बिलाने इतका पोळलेला असतो, की पाणी नको म्हणणाऱ्या निवडुंगालाही तो जावई करून घेईल. गेटजवळचा कोपरा जागच्या जागी मंजूर झाला.

आता उणे वीस अंश कुठे आणि आपण कुठे! पुण्याचा नीचांक १.७ अंश, आणि तोही १९३५च्या जानेवारीतला. आमच्याकडे पारा चौदावर आला की माणसं कानटोपी घालून हजेरी लावतात. अशा गावात थंडीला न भिणाऱ्या झाडाने बहादुरी दाखवायची तरी कुणाला?

दगडांची मात्र ददात नव्हती. मोशीच्या खाणीतला काळा पाषाण ट्रॉली भरून आला. मेहुण्याने तो ड्रॉइंगप्रमाणे बसवून घेतला. प्रत्येक दगड एक तृतीयांश जमिनीत, कल मागे, खाली खडी, वर चाळलेली वाळू, माती नावापुरती. रोपाच्या गळ्याभोवती पुन्हा बारीक कच, कारण ही झाडं थंडीने मरत नाहीत, गळा ओला राहिला की मरतात. गवंडीकाकांनी घमेलं खाली ठेवलं. “साहेब, खडी झाली, वाळू झाली. सिमेंट कधी येणार?”

रोपं डोंगरातल्या एका नर्सरीतून कुरियरने आली. सेम्परव्हिवमची तर मेहुण्याला ऐतिहासिक ओढ. इसवी सन ८००च्या सुमारास शार्लमेन बादशहाने फर्मान काढलं होतं, की माळ्याच्या घराच्या छपरावर हे झाड हवंच. वीज पडत नाही अशी तिकडे समजूत. आमच्या छपरावर पाण्याच्या टाक्या, सोलर आणि डिशच्या छत्र्या यांतून बादशहालाही जागा मिळाली नसती. “याचा गुच्छ एकदाच फुलतो आणि मरतो. मागे पिल्लं ठेवतो,” मेहुण्याने कौतुकाने सांगितलं. “मग फुलवतोस कशाला रे?” त्याच्या बहिणीने विचारलं. यावर जर्मनीत काही शिकवलेलं नसावं.

लुइसिया नावाचं अमेरिकेतलं एक देखणं फूल त्याला बियांपासून करायचं होतं. त्या बियांना रुजण्याआधी काही आठवडे थंडी लागते, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून त्याने त्या आमच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ठेवल्या. काळ्या, बारीक, चकचकीत बिया. सासूबाईंनी वाया जाऊ नये म्हणून त्या फोडणीत घातल्या. “मोहरी हल्ली तडतडतच नाही,” एवढाच त्यांचा शेरा. आमटी कशी झाली होती हे विचारायची मेहुण्याची हिंमत झाली नाही.

यातल्या बऱ्याच झाडांचा कारभार थर्ड शिफ्टचा. दिवसा पानांची छिद्रं बंद. रात्री गारवा पडला की ती उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात गोदामात ठेवायचा आणि सकाळी ऊन आलं की दार लावून त्याची साखर करायची. पाण्याची बचत होते ती यामुळे. पण रात्र गार हवी. मे महिन्यात आमची कंपाउंडची भिंत रात्री अकरालाही हात टेकू देत नाही. थर्ड शिफ्टने हळूहळू टूल डाउन केलं. त्यातून वाचलेल्यांना पावसाने गाठलं. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येईपर्यंत उणे विसाला दाद न देणाऱ्या त्या वीरांची दगडांवर बुळबुळीत पेज झाली होती.

श्रावणात मी मेहुण्याला शिवनेरीला नेलं. नाशिक रस्ता, सरळच, म्हणजे चाकणचा चौक सुटला तर. तिथल्या कड्यावर शिंदळमाकुडी फुलते. मांसल खोड, किरमिजी रंगाचं पाच पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके. ही फक्त महाराष्ट्रातच, मोजक्या कड्यांवर सापडते. डॅल्झेल नावाच्या साहेबाने तिचं शास्त्रीय नाव मुंबईच्या गव्हर्नर फ्रियरवरून ठेवलं, आपल्या लोकांनी शिवसुमन. उन्हाळ्यात पानं झाडून नुसत्या खोडावर तग धरते आणि भर पावसात फुलते. मेहुणा मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

“ड्रेनेज परफेक्ट आहे,” तो म्हणाला.

“कडा आहे तो,” बायको म्हणाली. “आणि हात खिशातच ठेव. दुर्मीळ आहे.”

सध्या आमच्या रॉक गार्डनमध्ये वॉचमनने कुठूनशी आणलेली ऑफिस टाइमची काडी खोचली आहे. ती सगळ्या फटींत पसरलीय. सकाळी नऊच्या सुमाराला राणी रंगाची फुलं ड्यूटीवर हजर, दुपार कलली की घरी. सेक्रेटरींनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर ‘प्रकल्प पूर्ण’ म्हणून टाकला. मेहुण्याने मात्र वॉचमनला बजावलं, “हे कडक थंडीत टिकायचं नाही.”

“हरकत नाही साहेब,” तो म्हणाला. “थंडी पडली की दुसरी काडी खोचू.”