एका शर्यतीची मिसल

निशी-कासाई, तोक्यो

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस,

आपण फोनवर विचारलेत, की चिरंजिवांच्या घरी शनिवारी ‘गेमची मॅच’ होती म्हणजे नेमके काय होते, आणि सोळा माणसे एका टीव्हीपुढे दिवसभर बसून करीत तरी काय होती. हा प्रश्न फोनवर उलगडण्याजोगा नव्हता; शिवाय ज्याची उभी हयात डहाणूच्या तहसील कचेरीत पंचनामे, जबाब आणि फेरफार लिहिण्यात गेली, त्याला कोणतीही हकीकत कागदावर उतरल्यावाचून ती खरोखर घडली असे वाटतच नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम मौजे व चतुःसीमा. निशी-कासाई हा भाग तोक्योच्या एदोगावा प्रभागात मोडतो. नोकरीच्या कचेऱ्यांकडे सरळ नेणारी तोझाई रेल्वे दाराशी असल्याने, संगणकाच्या कामासाठी या देशी आलेल्या आपल्या लोकांनी येथे अशी भरघोस वस्ती केली आहे, की हिंग, पोहे आणि कढीपत्ता यांवाचून सौ.चे अद्याप एकदाही अडलेले नाही. येथूनच २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ प्रभागसभेवर निवडूनही गेले. घर मात्र बेताचे, जमीन लाकडी, आणि खालच्या मजल्यावर एक वयोवृद्ध जपानी गृहस्थ एकटे राहतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी चिरंजीव आणि सूनबाई मिठाईचे खोके घेऊन वर, खाली व दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडी गेले आणि कमरेत वाकून, उद्या आमच्याकडून आपणांस उपद्रव होईल, अशी पूर्वसूचना देऊन आले. आपल्याकडे आधी गलका होतो आणि नंतर, झालाच तर, माफीचा विचार. येथे माफी आगाऊ भरून ठेवण्याची वहिवाट आहे. शिवाय पोरांच्या उड्यांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून वहिनींनी दिलेल्या दोन्ही गोधड्या जमिनीवर अंथरल्या, हे त्यांस कळविण्यास संकोच वाटतो, पण मिसलीत काही लपवू नये.

फराळाच्या बाबतीत नातवाने स्वतंत्र फर्मान काढले होते. खेळाची यंत्रे हातात धरावयाची असल्याने त्यांस तेलाचा स्पर्श होता कामा नये, सबब शेव, चिवडा आणि बटाटेवडेदेखील काड्यांनीच उचलावे. येथील पोरे बटाट्याचे काप असेच खातात म्हणे. सौ.ने आयुष्यभर ज्या बोटांनी भात कालवला त्या बोटांनी दोन काड्या धरून शेवेची एकेक कांडी टिपली आणि, एक ताट संपायला चातुर्मास लागेल, असा शेरा मारून ती उठून स्वयंपाकघरात गेली. वड्यांचे मात्र काड्यांनी दोन तुकडे होऊन सारण गोधडीवर पडे, ही नोंद वहिनींकरिताच.

आता खेळाचे स्वरूप. तो काढणारी निन्टेन्डो ही कंपनी क्योतो शहरात १८८९ साली स्थापन झाली ती हानाफुदा नावाचे पत्ते करण्यासाठी. बारा महिन्यांची बारा फुले, प्रत्येकाची चार पाने, असा त्यांचा अठ्ठेचाळीस पानी जोड असतो. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाकारांनाही कोणी योग्य वेळी वीज आणि भांडवल पुरविले असते तर आज जगभरची पोरे दशावतारांच्या गाड्या पळवीत बसली असती, असे माझ्या मनात येऊन गेले. कंपनीचा मुख्य नायक मारिओ हा मिशाळ गृहस्थ १९८१ सालचा असून, त्याचे नाव तिच्या अमेरिकेतील गुदामाच्या घरमालकावरून ठेवले आहे. भाडेकरूंनी घरमालकाला अजरामर केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा मारिओ व त्याचे आप्तेष्ट छोट्या मोटारी हाकतात. एका शर्यतीत बारा गाड्या. चार माणसांच्या, बाकीच्या यंत्राच्या. पहिल्यास पंधरा गुण, दुसऱ्यास बारा, तिसऱ्यास दहा, आणि असे उतरत बाराव्यास एक. चारोटी नाक्यापासून मनोरपर्यंतच्या हमरस्त्यावर जी गोष्ट आपण जीव मुठीत धरून टाळतो, म्हणजे दुसऱ्याच्या वाहनाने आपल्याला धडकणे, ती येथे मुद्दाम करावयाची असते. वाटेत केळीच्या साली टाकाव्या, कासवाच्या कवचांनी पुढच्यास उडवावे. आणि कोणी रस्ता सोडून पाताळात गेलाच तर ढगावर बसलेले एक कासव त्यास मासे धरण्याच्या गळाने उचलून पुन्हा मार्गावर ठेवते. रुग्णवाहिकेची इतकी तत्पर व्यवस्था आपल्या जिल्ह्यास लाभती तर!

परंतु ज्यावर मी खरोखर लुब्ध झालो ती तजवीज निराळी. वाटेतल्या पेट्यांतून जी आयुधे मिळतात ती सर्वांस सारखी नसतात: जो आघाडीवर त्याच्या पदरी केळ्याची साल, आणि जो मागे रखडतो त्यास तोफगोळ्याचा वेग किंवा ते निळे कवच, जे पहिल्याचा पाठलाग करीत जाऊन त्याच्याच डोक्यावर फुटते. दादा, तगाईच्या वाटपात मी जन्मभर याच्या उलट पाहिले. ज्याच्या दारी ट्रॅक्टर त्याचा अर्ज वर, आणि ज्याच्या नावे दोन गुंठे त्याचा दाखला कुठेतरी गहाळ. जे शासनास साधले नाही ते एका पत्त्यांच्या कारखान्यास साधले. नातवाला मात्र ही तजवीज अन्यायाची वाटते, कारण तो बहुधा पुढे असतो.

चार-चारांचे चार गट, प्रत्येकातून दोघे पुढे, अशी बाद पद्धत होती. चिरंजिवांनी निकाल संगणकावर मांडण्याचे ठरविले होते, पण मी आखलेल्या वहीत रकाने पाडून प्रत्येक फेरीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि दुपारपर्यंत सर्वजण वहीच मागू लागले. एक पाहुणे शिकोकू बेटावरील कागावा प्रांतात राहून आलेले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तेथे २०२० च्या एप्रिलपासून असा नियम अमलात आहे, की मुलांनी हे खेळ शाळेच्या दिवशी साठ मिनिटे व सुट्टीच्या दिवशी नव्वद मिनिटेच खेळावे. उल्लंघनास दंड मात्र नाही. दंडाविना कायदा ऐकून मला थेट मायदेशाची आठवण झाली.

चारच्या सुमारास दारावर घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ! सगळे चिडीचूप, पडद्यावरच्या गाड्या तेवढ्या गुरगुरत राहिल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, आवाजाबद्दल अक्षर काढले नाही, आणि दाराबाहेर विस्कटलेल्या पादत्राणांकडे बोट दाखविले. मग स्वतः गुडघ्यावर बसून एकेक जोड उचलून, टाचा घराकडे व टोके बाहेर अशी रांग लावली, पुन्हा वाकले आणि गेले. यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे आमच्यातल्या प्रत्येकास वाटले.

अंतिम फेरीत अघटित घडले. एक खेळाडू सकाळीच गैरहजर राहिल्याने सूनबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून नाव भरले होते, त्या अंतिम चौघांत पोहोचल्या. आपण जाणता, त्यांचे माहेर डहाणूचे. तेथे लहानपणी टीव्हीला जोडण्याचे एक यंत्र होते, पिवळ्या कॅसेटीत फुंकर मारून चालविण्याचे, जे जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची बिनपरवाना नक्कल होती. सातबाऱ्यावर नाव नसता केलेली ती वहिवाट आज फळास आली. तीन शर्यतींअखेर नातू ४२, आई ३९. चौथ्या शर्यतीत, आकाशातल्या इंद्रधनुषी रस्त्यावर, नातू पहिला असताना शेवटच्या वळणाशी एका तेलुगू अभियंत्याचे निळे कवच त्याच्या माथी फुटले, तो खाली कोसळला, आणि गळाने वर येईतो सहावा झाला. आई दुसरी. बेरीज ५१ विरुद्ध ४९.

बक्षीस म्हणून आपल्या गंजाडहून आणलेले, तारप्याच्या नाचाचे वारली चित्र होते. या देशास वारली चित्रे नवी नाहीत. पद्मश्री जिव्या सोमा म्हशे यांची कला नीगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयाने कधीच आपलीशी केली आहे. परंतु ते चित्र अद्याप माझ्याच ताब्यात आहे, कारण नातवाने लेखी अपील दाखल केले आहे. त्याचे म्हणणे, आईच्या गाडीमागे लहानशी काडी उभी होती, म्हणजे गाडीला रस्त्यावरून घसरू न देणारी मदत तिने चालू ठेवली होती. प्रतिवादीचे म्हणणे, ती मदत मुळातच चालू असते. आपण काही दाबलेच नाही, कारण हाताला बेसन होते. यंत्राने जपून ठेवलेले चित्रण मी मागविले असून सुनावणी येत्या शनिवारी ठेवली आहे. अपिलार्थी अकरा वर्षांचा असल्याने त्यास पालकासह हजर राहण्याची मुभा आहे, पण पालकांपैकी एक प्रतिवादी आणि दुसरे उपांत्य फेरीत बाद झालेले नाराज गृहस्थ, तेव्हा वकीलपत्र सौ.ने घेतले आहे.

वहिनींस सांगणे, गोधड्या धुऊन वाळत घातल्या आहेत. चैत्री पौर्णिमेस महालक्ष्मीच्या यात्रेला आमच्या नावे ओटी भरावी.

आपला धाकटा बंधू