हनीसकल फोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

फुलांच्या इंग्रजी सामासिक नावांचे अक्षरविभाजन हे कर्म वरकरणी निरुपद्रवी भासत असले, तरी अक्षर म्हणजे काय हे न ठरवता त्यात हात घालणाऱ्याची फजिती अटळ असते. येथे ही संज्ञा लिपिचिन्हासाठी नसून एका स्वराच्या आधारे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासाठी योजिली आहे. बटरकप किंवा फॉक्सग्लव्ह ही नावे सांध्यावर आपसूक सुटतात, म्हणून साधकाने थेट हनीसकल या सुवासिक वेलीलाच भिडावे.

प्रथम समासाचा सांधा शोधावा. ‘हनी’ म्हणजे मध व ‘सकल’ म्हणजे अंगावर पाजणे, अशी फोड करून साधक निश्चिंत होतो. परंतु मध चोखणे या अर्थाच्या जुन्या समासाला मागाहून ‘ल’ प्रत्यय चिकटून हे नाव सिद्ध झाले असल्याने व्युत्पत्तीचा सांधा भलतीकडेच निघतो. ही माहिती कानाआड करावी.

मग ‘हनी’मधला न कोणाच्या पदरात घालायचा, हा वाद उपस्थित होतो. आघातयुक्त ऱ्हस्व स्वराला व्यंजनाचा टेकू हवा म्हणून अमेरिकी कोश तो पहिल्या अक्षराला देतात, तर व्यंजनाने शक्यतो पुढच्या स्वराचा आरंभ करावा असे मानणारे ध्वनिशास्त्रज्ञ तो दुसऱ्याला देतात. शिवाय कोशात शब्दाचे तुकडे दाखवणारे जे ठिपके छापलेले असतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा हे सांगण्यासाठी असतात, हे ठाऊक नसल्याने भांडण अधिकच रंगते.

यापुढे हनुवटीखाली हात धरून, ती खाली येईल तितकी अक्षरे मोजावीत, असे इंग्रजी शाळांतील उपाय सांगतो. शेवटच्या ‘ल’पाशी मात्र हनुवटी जेमतेम हलते, कारण तेथे स्वरच नसतो, जीभ क वरून थेट ल वर जाते आणि ते व्यंजनच स्वराची गादी चालवते. मराठीत ‘क्लृप्ती’पुरताच उरलेला ऌ मूळचा याच जातीचा असल्याने, मराठी साधकाने येथे बिचकण्याचे कारण नाही, चौथे अक्षर बिनदिक्कत मोजावे.

चार अक्षरे व तीन फटी हाती आल्यावर साधकाने मुद्रणालयात जावे. तेथील अमेरिकी शिरस्त्यानुसार पुढच्या ओळीत किमान तीन वर्ण न्यावे लागत असल्याने इंग्रजी लेखनातले अखेरचे l व e हे दोन एकटे धाडता येत नाहीत, आणि जोडशब्द शक्यतो घटकांच्या मध्येच तोडावा असाही दंडक असल्याने, जुळारी सारी चर्चा बाजूला सारून ‘हनी’नंतर आडवी रेघ ठोकतो.