ॲव्हरेज

आमच्या निपाणीत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. ‘ॲव्हरेज आलं बघा,’ म्हणतात. चहाच्या गाड्याजवळ कुणी मोटारसायकल लावली की चावी काढायच्या आत हा हजर. पुढच्या चाकाला चपलेच्या टोकानं एक टोला, मग टाकीवरून हात. जनावरांच्या बाजारात म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि मग प्रश्न : “किती देतीय?”

“पंचावन्न.”

“गावात का हायवेला?”

इथं गाडीवाला अडखळतो. स्वतःची गाडी असेल तर माणूस ॲव्हरेज दहानं वाढवून सांगतो, आणि मागून आणलेली असेल तर वीसनं कमी सांगतो, कारण पेट्रोल त्याला घालावं लागलेलं असतं. हे सगळं ॲव्हरेजला ठाऊक आहे. तो ऐकतो, मान हलवतो आणि मनातल्या मनात आकडा दुरुस्त करून घेतो.

त्याला पहिली गाडी घ्यायची आहे. गेली दोन वर्षं घ्यायचीच आहे. हेल्मेट मात्र त्यानं पहिल्याच महिन्यात घेतलं. आयएसआय मार्क बघून, डोक्याचं माप टेपनं मोजून. ते घरात फळीवर असतं आणि त्याची आई त्यात लसूण ठेवते.

गाड्यांबद्दल त्याला काय येत नाही ते विचारा. स्प्लेंडर 1994 ची, इंजिन 97.2 सीसी, हे तो शुभंकरोतीच्या चालीवर म्हणतो. आरएक्स 100 चं उत्पादन 1996 ला थांबलं. त्यावर बोलताना त्याचा आवाज असा खाली जातो की समोरच्याला वाटावं, घरातलं कुणी गेलं. वास्तविक तेव्हा हा जन्मलेलाही नव्हता. हा 2004 चा. त्याच साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात घातला. दोघांचाही निकाल लागायचा आहे.

सीमाभागात गाडी घ्यायची म्हणजे नुसती गाडी ठरवून भागत नाही, पासिंग ठरवावं लागतं. मामा कोल्हापूरचा. त्याचं म्हणणं, “एमएच नऊ घे. आपला नंबर.” काका बेळगावात शहापूरला. ते म्हणतात, “केए बावीस घे, इथं माझ्या पत्त्यावर.” आणि राहतो हा निपाणीत, म्हणजे चिक्कोडीचं आरटीओ, केए 23. ॲव्हरेजनं यासाठी दोनशे पानी वही घातली. डावीकडं कोल्हापूरची ऑन रोड किंमत, उजवीकडं बेळगावची, मधे रेघ. परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली की नंबर बदलावा लागतो. त्याला आधी तिकडची एनओसी, मग इकडचा कर. म्हणजे कोल्हापुरात वाचलेले पैसे चिक्कोडीत जाणार, हे त्याला वहीच्या चाळिसाव्या पानावर कळलं. आईनं ते वही न घालता सांगितलं होतं. वर तिची स्वतंत्र काळजी : “एमएचची गाडी घेऊन डिसेंबरात बेळगावला जाऊ नकोस, अधिवेशनात कायतरी गोंधळ असतोय, काचा फोडतील.” मोटारसायकलीला काच कुठं असते, असं हा म्हणाला. आई म्हणाली, “आरसा हाय की.”

बाप तंबाखूच्या वखारीत. तरुणपणी येझदी चालवलेला. त्याच्या लेखी मैसुरात येझदी बंद पडली तिथं मोटारसायकलीचा इतिहास संपला. “एकच दांडी. त्याच दांडीनं किक मारायची, तीच वळवून गिअर टाकायचा. हल्लीच्या गाड्यांना बटण लागतंय.” याच्या पुढं त्याचा सल्ला गेला नाही. बाप असल्यामुळं त्याला पैसे द्यायचे होते, मत नव्हतं.

एकदा त्यानं मला बेळगावला नेलं. लाल बस, पाऊणशे किलोमीटर, आणि वाटेत तवंदी घाट लागला तेव्हा पुढं गेलेल्या प्रत्येक दुचाकीचं पिकअप मला समजावून सांगणं. उतरून आम्ही किर्लोस्कर रोडनं चाललो. मी सहज म्हटलं, बाबा रे, याच बेळगावात 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. सायकल विकायची आणि चालवायला शिकवायचीही. त्याचा नंतर एवढा मोठा कारखाना झाला.

तो थांबला. “शिकवायचे? घेतल्यावर का घ्यायच्या आधी?”

हा प्रश्न त्या वेळी मला नुसता चौकसपणा वाटला.

शोरूममध्ये गेल्यावर तो सरळ बुलेटकडं गेला. त्याची उंची बेताची, गाडीचं वजन दोनशे किलोच्या आसपास. वर बसला तर एका बाजूचा नुसता अंगठा फरशीला लागला. गाडी स्टँडवरून सरळ केली मात्र, ती हळूच दुसरीकडं कलायला लागली. शोरूमच्या पोरानं आणि मी मिळून धरली. हा वरून शांतपणे म्हणाला, “बॅलन्स चांगलाय.”

ते पोरगं हुशार. आतल्या माणसाशी कानडीत काहीतरी बोललं, हसलं, आणि आमच्याकडं वळून मराठीत म्हणालं, “दादा, टेस्ट राईड घ्या की. लायसन आहे न्हवं?”

ॲव्हरेजनं घड्याळ बघितलं. “आधी कुंदा घेऊया. नंतर गर्दी होतीय.”

अर्धा किलो कुंदा आणि चार कॅटलॉग घेऊन आम्ही परत आलो. संकेश्वर येईपर्यंत तो बोलला नाही. नंतर खिडकीकडं बघतच म्हणाला, “मला क्लच सोडायला येत न्हाई.”

दोन वर्षं गावाला ॲव्हरेज विचारणाऱ्या माणसानं हे एका बसमध्ये, कंडक्टर जवळ नाही असं बघून सांगितलं. मला हसू आलं नाही, खरं सांगतो. आपल्याकडं मोटारसायकल येत नाही असं म्हणायची पुरुषाला सोयच ठेवलेली नाही. पोहायला येत नाही म्हणता येतं, इंग्रजी येत नाही म्हणता येतं. मग माणूस सीसी पाठ करतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या ओळखीच्या मेस्त्रीकडं नेलं. गॅरेज म्हणजे पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन. मेस्त्रीनं वही उघडलीच नाही.

“दोन्ही पाय पुरते टेकतात काय?”

“कुठल्या गाडीवर?”

“जी घेणार तिच्यावर गा. आणि पडली तर एकट्याला उचलता येतीय काय? पहिली गाडी पडणारच. नवी घेतलास तर पहिला ओरखडा बघून आठ दिस जेवणार न्हाईस.”

कोपऱ्यात एक जुनी स्प्लेंडर उभी होती, केए 23, टाकीला एका बाजूला पोचा. वजन एकशे दहा-बारा किलो. चारी गिअर पुढं दाबायचे, वर-खाली काही लक्षात ठेवायला नको. “ही घे. वर्षभर पाड. मग मला आणून दे, दोन हजार कमी करून परत घेतो,” मेस्त्री म्हणाला. त्यानं ॲव्हरेज सांगितलं नाही आणि यानंही, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं नाही.

गाडी आली. पुस्तक नावावर झालं. दोघा भावंडांनी मिळून लर्निंग काढलं. धाकटी बहीण देवचंद कॉलेजला. हे कॉलेज आमच्या गावाला चिकटून आहे, पण अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पोरगी तेव्हा रोज सकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात चालत जायची आणि दुपारी जेवायला कर्नाटकात यायची. तीही संध्याकाळी मैदानावर येऊ लागली. पहिल्या दिवशी ॲव्हरेजनं सात वेळा गाडी बंद पाडली आणि मग अर्धा तास तिला क्लचमधल्या प्लेटा कशा चिकटतात-सुटतात ते जमिनीवर काडीनं आकृती काढून समजावलं. तिनं ऐकून घेतलं, किक मारली, आणि मैदानाला एक फेरी मारून आली. मागून हा पळत, “हाफ क्लच! हाफ क्लच!”

तीस दिवस झाल्यावर दोघं चिक्कोडीला परीक्षेला गेली. आठाचा आकडा तिनं पाय न टेकता काढला. त्याला पुन्हा बोलावलं आहे.

आता रोज सकाळी साडेसातला स्प्लेंडर गल्लीतून निघते. पुढं बहीण, मागं ॲव्हरेज, मांडीवर तिची बॅग, डोक्यावर लसणाचा वास येणारं ते हेल्मेट. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट 2016 पासून सक्तीचं आहे.