साडूंसाठी वायफाय

आमच्या जुन्या ४८६ संगणकाला मी वायफाय जोडलं, त्यामागे गरज अशी काहीच नव्हती. साडूंनी नवा लॅपटॉप घेतला होता आणि तो ते मला वारंवार दाखवत होते, एवढंच.

हा ४८६ आमच्याकडे आला १९९५ साली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. आमच्याकडे ते आलं नाही, पण संगणकाचा थाट मात्र आला. त्याच्या खोलीत चप्पल चालत नसे. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून उभा. आईने पडद्याच्या उरलेल्या कापडातून त्याला झबली शिवली: मॉनिटरला एक, सीपीयूला एक आणि कीबोर्डला झालरीचं. खंडेनवमीला झेंडूचा हार ठरलेला, पण कुंकू कुठे लावायचं यावर घरात दोन तट पडले. फ्लॉपीच्या फटीजवळ नको, आत सांडेल, असं वडिलांचं मत. शेवटी टर्बोच्या बटणावर ठरलं. तो डाग अजून आहे. मला गोवर आला तेव्हा माझ्याकडे पंखा वळवल्याचं कुणालाच आठवत नाही. असो.

तर वायफाय. ४८६ ला ते कळत नाही. त्याला कळतो सीरियल पोर्ट आणि त्याला जोडलेला मोडेम. म्हणून मागे एक डबी लावायची. तिच्यात ईएसपी८२६६ नावाची चिप. संगणक १९८१ च्या हेज मोडेमच्या भाषेत ‘एटीडीटी’ म्हणून फोन लावायला सांगतो, फक्त नंबराच्या जागी सर्व्हरचा पत्ता. डबी मुकाट्याने वायफायवरून तिथे पोचते आणि कळवते: ‘कनेक्ट ९६००’. म्हाताऱ्याला वाटतं, फोन लागला! ही नखाएवढी चिप ८० मेगाहर्ट्झने चालते, आमचा ४८६ चालतो ६६ ने. पण डबी ते बोलून दाखवत नाही.

कुणीतरी हौसेने चालवलेल्या बुलेटिन बोर्डची अक्षरं पडद्यावर झरझर उतरली. वेबसाइट्स मात्र बहुतेक उघडत नाहीत. आजचं एन्क्रिप्शन याला झेपत नाही. सुरक्षेसाठी ते हवंच, मान्य. पण धडधाकट चालणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. एका बँकेत वडिलांना असंच ‘काका, ॲप घ्या ना’ म्हणून खिडकीवरून परत पाठवलं होतं. हातात नीट भरलेली स्लिप होती, सहीसकट.

मी बायकोला हाक मारली. ‘‘हो का? अरे वा!’’ ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. मुलगाही म्हणाला, ‘‘भारीच, बाबा.’’ वडील पासबुकातल्या नोंदी समजावून सांगायचे तेव्हा मी याच सुरात ‘अरे वा’ म्हणायचो. म्हणजे या घरात डबी आता माझ्या मागेही लागली आहे.

तरी रविवारी साडू जेवायला येणार आहेत. टर्बोच्या बटणाला हात लावायचा नाही, असं त्यांना आधीच बजावून ठेवलंय.