शोधनिबंध आणि शुभेच्छुक

बोईसरच्या नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. भाऊ एकच, खाली शुभेच्छुकांची मुंडकी चाळीस. वैद्यकीय शोधनिबंधाचं हल्ली तसंच झालंय. रात्रपाळीत डोळे चोळत केसपेपर चाळतो एक रेसिडेंट. नाव लागतं विभागप्रमुखांचं, शेजारच्या विभागातल्या सरांचं (ते उद्या आपलं घालतील), आणि ज्यांची बढती अडलीय त्यांचं.

मग मोजदाद सुरू. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. दहा निबंधांना प्रत्येकी इतरांच्या निबंधांत किमान दहा उल्लेख मिळाले की इंडेक्स दहा. पण आयुष्यात दोनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाचा हजारांनी उल्लेख केला, तरी इंडेक्स दोन. उल्लेख कौतुकाचा की शिव्यांचा, हे कुणी विचारत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने 1998 मध्ये बारा मुलांच्या जोरावर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला. खोडून काढणाऱ्यांनीही त्याच्या खात्यात भरच घातली!

आपल्याकडे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने 2015 च्या परिपत्रकात फर्मावलं, की बढतीसाठी मूळ संशोधनच धरू, रुग्णाची नोंद सांगणारा केस रिपोर्ट नाही. पुढे नियम सैल झाले, पण वृत्ती कळली.

रुग्णाच्या नोंदीचं मोल बघायचं तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. तेव्हा ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले सरकारी डॉक्टर. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर फुप्फुसांत पाणी भरून मरत होती. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. हा माणूस रुग्णाच्या खाटेशी बसला आणि बघत राहिला: उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, मग हृदयाची ओढाताण. धोका आधी कसा ओळखायचा, हे त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकट्याच्या नावावर लिहिलं. शुभेच्छुक शून्य. 1986 मध्ये, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह, प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर कशी चालते ते तिथेच मांडलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं.

मला यापुढचं जास्त आवडतं. एवढं नाव झाल्यावर माणूस आपल्या गोळीला ओवाळत बसतो. या दोघांनी 70 रुग्णांवर चाचणी घेतली: निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला विंचवाच्या विषावरची प्रतिलस. दहा तासांत जोडीवाले 35 पैकी 32 बरे झाले, नुसत्या गोळीवाले 8. आपलीच गोळी एकटी कमी पडते, हे त्यांनी 2011 मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात छापलं. पद्मश्री 2022 मध्ये मिळाली.

त्यांचा इम्पॅक्ट मोजायचा कुठे? भातकापणीच्या दिवसांत पालघरच्या एखाद्या पाड्यावर पेंढ्यात हात घालताना बाईला विंचू डसतो. जीप मिळेपर्यंत तास जातो. आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर तिचा गार हात धरतो, रक्तदाब बघतो आणि केसपेपरवर गोळीचं नाव खरडतो. खाली संदर्भसूची देत नाही, त्यामुळे कुठल्याच इंडेक्सला पत्ता लागत नाही. तीच गत प्रशिक्षणाची. डहाणूत आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) ग्रामीण संशोधन केंद्र आहे. तिथे सर्पदंशाचा अभ्यास करताना स्थानिक डॉक्टरांना उपचारांचं प्रशिक्षणही दिलं गेलं. पण दर वर्षी वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या, उल्लेखांवर बेतलेल्या 'अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां'च्या यादीत अशा प्रशिक्षणाला रकानाच नाही.

यादीतले सगळेच पोकळ असतात असं नाही; बरेच खरे कष्टाळू आहेत. पण यादी आली की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो आणि आतल्या औषधाच्या कपाटाला कुलूप असतं, याचं काय?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराबरोबर एवढं विचाराच: आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस आज शिल्लक आहे का? आणि विंचू चावून घाम-उलटी सुरू झाली, तर भगताकडे वळू नका. थेट दवाखाना गाठा.