मधलं बटण

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण त्याच्या अँप्लिफायरचे कान पिळायला अख्खा ऑर्केस्ट्रा धावतो. ड्रमरला आवाज ‘जरा भरीव’ हवा असतो, गायकाला ‘जरा बेताचा’, आणि गिटारवाल्याला काय हवं असतं ते त्याच्याच गिटारीपुढे कोणाला ऐकू येत नाही.

बटणं तीन: बेस, मिडल, ट्रेबल. घरी एकट्याने वाजवताना कडेची दोन्ही चढवावीत, मधलं पार उतरवावं. आवाज असा गुबगुबीत येतो की तक्रार करायला आलेला शेजारीही दारात दोन मिनिटं रेंगाळतो. तोच आवाज बँडमध्ये नेला की गायब. खालची जागा किक ड्रमने बळकावलेली, वरची झांजांनी. बेसचा सूर ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यात, आणि हौशी वादकाने नेमका तोच कापलेला असतो. मिडल हा आवाजातला मध्यमवर्ग: भार सगळा त्याच्यावर आणि पहिली कात्रीही त्यालाच.

बेसच्या बटणावर मात्र लोकांची आंधळी श्रद्धा. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. त्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त; आमची तालमीची खोली तिच्या निम्मीसुद्धा नाही. छोट्या स्पीकरमधून ४१ धड बाहेरच पडत नाही. पडतात ती त्याच्या पटीतली ८२, १२३ आणि त्यावरची कंपनं. त्यांच्यावरून मूळ खर्ज कान आपला आपण जुळवून घेतो. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. म्हणून घरी चढवलेलं बटण मंचावर तसंच राहिलं, की सुराआधी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या थरथरतात.

हे सगळं मी तालमीत सविस्तर समजावून सांगितलं. ड्रमरने मन लावून ऐकलं आणि बेस वाढवला.

एकदा डबा द्यायला अण्णा आले, म्हणजे माझे वडील. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारांखाली दोरा सरकवत सुराला झणकार देणारी जवारी काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. जरा वेळ ऐकून म्हणाले, “अरे, नुसतं घुमतंय. हिची जवारी कुठाय?” अँप कोपऱ्यातून बाहेर ओढायला लावला, कारण कोपरा खर्ज फुगवतो. खाली ठेवलेला स्टुलावर चढवला. मग बेस थोडा उतरवायला सांगितला आणि मधलं बटण चढवायला. एकट्याने वाजवलं तेव्हा आवाज चक्क गेंगाणा वाटला. ड्रमर सुरू झाला आणि गेंगाणेपणा कुठच्या कुठे गेला. एकेक सूर सुटा, स्वच्छ.

आता गायक कुरकुरतो, की बेस फार ऐकू येतो, गाताना गडबड होते. अण्णांच्या कानावर घातलं.

“त्याला म्हणावं, सुरात गा.”